उपनगरांची आडवी वाट

एप्रिलच्या अखेरीस बहुतेक परीक्षा आटोपतात आणि मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांची आवारे ओस पडू लागतात. अंधेरीचे भवन्स, पार्ल्याचे मिठीबाई व साठ्ये, विद्याविहारचे सोमय्या, मुलुंडचे वझे-केळकर ही त्यांतील चटकन आठवणारी नावे. इतकी विद्यालये एकवटलेल्या या भूभागाला पुण्याप्रमाणे कोणी विद्येचे नगर म्हणत नाही. ‘उप’ हा उपसर्ग त्याच्या कपाळी कायमचा बसला आहे. त्यामुळे सुटीत काय करावे, असे येथील मुलाने विचारले की त्याला राणीच्या बागेचा, मरीन ड्राइव्हचा नाहीतर काळा घोड्याचा रस्ता दाखवला जातो. म्हणजे वर्षभर ज्या रुळांवरून लोंबकळत जायचे, त्याच रुळांवरून सुटीतही दक्षिणेकडे जायचे.

वास्तविक पाहण्याजोगे पुष्कळसे उपनगरांतच आहे. अडचण आहे ती तेथे पोहोचण्याची. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे उभ्या धावतात आणि त्यांच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. मुलुंड आणि बोरिवली यांमधील हवाई अंतर बारा-तेरा किलोमीटरच भरेल. पण लोकलने जाणाऱ्याला दादरपर्यंत उतरून पुन्हा वर चढावे लागते आणि हा वळसा चाळीस किलोमीटरांहून अधिक होतो. दोन मार्गांना आडवे जोडण्याची कल्पना कोणाला सुचलीच नव्हती, असे मात्र नाही. 1928 मध्ये ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत आगगाडी सुरू झाली होती. 1934 मध्ये ती बंद झाली आणि तिच्या मार्गातील जागा विमानतळाकडे गेली. त्यानंतर वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली ती 2014 च्या जूनमध्ये. विमानाला जागा करून देणाऱ्या शहराने लोकलच्या उतारूला ऐंशी वर्षे तिष्ठत ठेवले, असेच म्हणावे लागेल.

आता मुलुंडच्या विद्यार्थ्याने मनात आणले तर तो घाटकोपरला लोकल सोडून मेट्रोने पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकावर येईल, पुलावरून गुंदवली गाठील आणि तेथून दुसऱ्या मेट्रोने थेट राष्ट्रीय उद्यानाच्या स्थानकावर उतरेल. सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते. मे महिन्यात सकाळी लवकर निघावे हे उत्तम, कारण दहानंतर कान्हेरीचा काळा पाषाण तव्यासारखा तापतो.

या कान्हेरीविषयी थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. शाळेच्या सहलीत डबा खाण्यापुरती ती अनेकांनी पाहिलेली असते. शंभराहून अधिक लेणी, सुमारे हजार वर्षे चाललेले खोदकाम, भिक्षूंच्या निवासापाशी पावसाचे पाणी साठवण्यासाठी कोरलेल्या पोढ्या, हे सर्व पाहिले की हे ओसाड अवशेष नसून अध्ययन-चिंतनासाठी वसवलेली एक वसाहतच होती, हे ध्यानात येते. येथील शिलालेखांत दाते म्हणून कल्याणचे लोक आहेत, तसेच सोपाऱ्याचेही आहेत. कल्याण आज मध्य रेल्वेवर आणि नालासोपारा पश्चिम रेल्वेवर. ज्या डोंगराने आज दोन्ही उपनगरांची ताटातूट केली आहे, त्याच डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी दोन्हीकडची माणसे एकत्र येत होती. मेट्रो नव्हती, पण वाट होती.

बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी ते ताब्यात घेऊन वर मठ आणि विद्यालय उभारले. त्याच्या भग्न भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर उभ्या आहेत. महाविद्यालयांच्या या उपनगरांत विद्यालयाचा इतका जुना अवशेष असावा आणि शेजारून जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसावा, हे नवल नव्हे तर काय? मेट्रोच्या 2अ मार्गावर आता ‘मंडपेश्वर’ नावाचे स्थानकही आहे. ज्याला दगडांचे वावडे असेल त्याने वर्सोव्याहून मढला होडीने जावे, किंवा बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला. संध्याकाळी पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे आहेतच.

प्रश्न उरतो तो खिशाचा. रेल्वेचा विद्यार्थी-पास घराजवळच्या आणि महाविद्यालयाजवळच्या स्थानकाला बांधलेला असतो. सुटीत त्या वाटेने जाण्याचे प्रयोजनच संपते. 2023 च्या महाराष्ट्रदिनापासून मेट्रोच्या 2अ आणि 7 या मार्गांवर विद्यार्थ्यांसाठी 25 टक्के सवलत आली, परंतु ती 12 वीपर्यंतच्यांना. तेरावीत पाऊल टाकताच मूल मिळवते झाले, असा काहीसा हा हिशेब दिसतो. 2019 मध्ये 5 रुपयांवर आणलेले ‘बेस्ट’चे किमान भाडे 2025 च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन सुटीत, 10 रुपये झाले. लोकल, दोन मेट्रो आणि शेवटी बस, अशी बेरीज जाऊन-येऊन केली की शिकवणीचे वर्ग किंवा घराजवळचा मॉल हेच पर्याय परवडण्याजोगे उरतात.

सवलत शिक्षणासाठी आहे, भटकंतीसाठी नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही, कारण तोट्यात चालणाऱ्या ‘बेस्ट’वर आणखी भार कोणी टाकावा, हे सोपे कोडे नव्हे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कान्हेरीचा शिलालेख पाहणे हे शिक्षण नाही आणि तासाला गैरहजर राहण्यासाठी का होईना, महाविद्यालयापर्यंत जाणे हे शिक्षण, ही व्याख्या कोणत्या शास्त्रात बसते? एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लोकल, मेट्रो व बस या तिन्हींवर चालणारा एकच सुटीचा पास महाविद्यालयीन ओळखपत्रावर द्यावा. गर्दीच्या वेळा हव्या तर वगळाव्यात. दुपारी उलट्या दिशेने रिकामे धावणारे डबे त्याने भरले तर कोणाचे काही बिघडणार नाही. महाविद्यालयांनीही आपली ग्रंथालये मे महिन्यात निदान अर्धा दिवस, शेजारच्या महाविद्यालयांतील मुलांसाठीसुद्धा, उघडी ठेवण्यास हरकत नसावी. दोन खोल्यांच्या घरात सबंध कुटुंब सुटीत एकत्र आले की वाचायला कोपरा उरत नाही.

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या उद्यानाखालून जाणाऱ्या बोगद्यांचे काम सुरू आहे. ते पूर्ण झाले की मोटारींची सोय होईल. त्यातून बस किती धावणार आणि तिचे भाडे किती, हे आताच ठरवून घ्यायला हवे. तूर्त, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल, महाविद्यालये उघडतील आणि कार्यालयाच्या खिडकीपुढे सवलतीच्या अर्जासाठी रांग लागेल. त्या अर्जावर दोन स्थानकांची नावे लिहिण्यापुरतीच जागा असते.