जुन्या संगणकासाठीं लिनक्स कोणतें निवडावें?



सोलापुराहून तुळजापुरास जातांना तामलवाडी हें गांव लागतें. अशा एखाद्या गांवीं आपले आप्त असतील, तर घरांतला जुना संगणक तेथील मुलांस धाडावा, असें आपल्या मनांत येत असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ च्या अटी पुष्कळ जुन्या यंत्रांस पाळतां येत नाहींत. यामुळें धडधाकट यंत्रें अडगळींत पडूं लागलीं आहेत. लिनक्स त्यांना पुन्हां कामास लावूं शकतें, आणि तें विनामूल्य मिळतें.

परंतु लिनक्स एकच नाहीं. त्याचीं वितरणें अनेक आहेत. निवडतांना नांवाची कीर्ति न पाहतां यंत्राची शक्ति पाहावी. प्रथम प्रोसेसर ३२ बिटांचा कीं ६४ बिटांचा, तें तपासावें. ३२ बिटांचा असल्यास वाट अरुंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या डेबियन १३ नें अशा यंत्रांसाठीं स्थापनेची प्रत दिलीच नाहीं. २०२३ च्या अँटीएक्सची मात्र ३२ बिटांची आवृत्ति आहे.

मग रॅम पाहावी. चार जीबी असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ति घ्यावी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळावयाच्या आहेत. दोन जीबी असल्यास लुबुंटू बरें. एकच जीबी असल्यास अँटीएक्स किंवा पपी. मात्र येथें भ्रम नसावा. खरी रॅम खातो तो ब्राउझर. एक जीबीच्या यंत्रावर लेखन-वाचन होईल, पण चित्रफितींचे धडे अडखळतील. शक्य तर रॅम वाढवावी, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसवावी. त्यानें पडणारा फरक वितरण बदलल्यानें पडत नाहीं.

शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची. हीं वितरणें पेन ड्राइव्हवरून, स्थापना न करतांहि, चालवून पाहतां येतात. वाय-फाय लागतें काय, आवाज येतो काय, मराठी टंकलेखन होतें काय, हें आपल्या घरींच पाहून घ्यावें. स्थापनेंत डिस्क पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून छायाचित्रें व कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावीं.

शहरांत यंत्र अडलें तर शेजारीं कोणी जाणकार भेटतो. गांवीं तें अडलें, तर मुलाचा अभ्यास अडतो. म्हणून यंत्र धाडण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्याच्या परीक्षेस द्यावी.