छपराची काच का अडली?

गेल्या पावसाळ्यात घाट चढताना आमच्या गाडीच्या छपराची सरकती काच उघडीच अडकली. बटण दाबले, तर मोटरीचा आवाजही नाही. दोघांनी हाताने ढकलली. तसूभरही हलली नाही. असे का व्हावे?

मोटरीच्या दांड्यावरचे मळसूत्र एक दातेरी चाक फिरवते आणि त्या चाकामुळे काचेच्या केबली सरकतात. मळसूत्र चाकाला फिरवते. पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही, कारण आट्यांचा उतार फार कमी असल्याने घर्षण आड येते. गिटारची खुंटी पाहा. ती पिळली की तार ताणते, पण तारेच्या ताणाने खुंटी उलटी फिरत नाही. बळजबरी केल्यास काच तिरकी होऊन केबल तुटण्याचीच भीती.

अनेक गाड्यांत छताच्या अस्तरातील झाकण काढून मोटरीच्या खोबणीत षट्कोनी चावी फिरवता येते. तसे करून आम्ही काच बंद केली.

घरी पाहिले तर फ्यूज जळालेला. तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवला, तोही जळाला. मूळ दोष रुळांत होता: धूळ आणि वाळलेले ग्रीस. घर्षण वाढले की मोटर जास्त विद्युतप्रवाह ओढते. मोठा फ्यूज बसवला असता, तर पुढची पाळी मोटरीची होती. रूळ पुसून नवे ग्रीस लावले आणि काच सरकू लागली.