हिवाळी विश्रांतीतील मोटार आणि टाकीतील पेट्रोल

जर्मनीत ऑक्टोबर सरू लागला की ठेंगण्या, दोन आसनी स्पोर्ट्स कार रस्त्यांवरून एकेक करून दिसेनाशा होतात. बर्फ वितळावे म्हणून तेथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि हे मीठ गाडीचा पत्रा हळूहळू खाऊन टाकते. त्यामुळे हौशी मालक नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये बंद करून ठेवतो. तेथील शासनाने १९९७ पासून अशा वाहनांसाठी हंगामी क्रमांकपट्टीची सोय केली आहे. पट्टीच्या उजव्या टोकाला वापराचे महिने छापलेले असतात व कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो. (कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालू राहतो, हे बँकेच्या मासिकात सांगावयास हवे!)

गाडी ठेवण्यापूर्वी टाकीत कोणते पेट्रोल भरावे, हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो आणि बहुतेकांचे उत्तर 'सर्वांत महाग असेल ते' असे असते. हे उत्तर पुष्कळदा बरोबर ठरते, परंतु त्यामागील समजूत चुकीची असते. अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक टिकाऊ पेट्रोल, असे नव्हे. इंजिनातील दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये, यासाठी त्याच्या अंगी असलेल्या प्रतिकारशक्तीचे माप म्हणजे ऑक्टेन. साठवणुकीत ते किती दिवस चांगले राहील, याच्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही.

खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. जर्मनीत २०११ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले 'ई१०' पेट्रोल मिळते. त्याच्या शेजारीच पाच टक्क्यांची मर्यादा असलेले 'ई५'ही असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून ९५ ऑक्टेनचे नेहमीचे पेट्रोल 'ई१०' झाले आणि 'ई५' केवळ वरच्या ऑक्टेनच्या महाग प्रकारात उरले. म्हणजे तेथे महाग पेट्रोल घेणारा साठवणुकीच्या दृष्टीने योग्य तेच करतो. त्याचा लाभ मात्र जादा ऑक्टेनमुळे नव्हे, तर कमी इथेनॉलमुळे होतो.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. अर्धवट भरलेल्या टाकीत हवा असते. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकामुळे टाकी जणू श्वासोच्छ्वास करते व बाष्प आत येते. इथेनॉल हे पाणी आपल्यात विरघळवून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले, किंवा थंडी वाढून ती मर्यादाच खाली आली, तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून विभक्त होतात व तळाशी बसतात. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचे तोंडही तळाशीच असते. शिवाय इथेनॉल निघून गेल्यामुळे वरच्या पेट्रोलचे ऑक्टेनही घसरते. घट्ट झाकणाच्या आधुनिक गाडीत चार-पाच महिन्यांत इतकी वेळ सहसा येत नाही. जुन्या गाडीत मात्र रबराच्या नळ्या, लोखंडी टाकी आणि कार्बुरेटर यांना धोका अधिक असतो.

इथेनॉल नसले तरी पेट्रोल ही मुदत ठेव नव्हे. ठेवल्याने त्याचे मूल्य घटतच जाते. त्यातील हलके घटक प्रथम उडून जातात आणि थंड इंजिन चालू होण्यास नेमके तेच लागतात. उरलेल्या काही घटकांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो. कार्बुरेटरची बारीक छिद्रे अशानेच बुजतात.

यावरील उपाय साधे आहेत. गाडी ठेवण्याच्या दिवशीच, शक्य तितके कमी इथेनॉल असलेले ताजे पेट्रोल घ्यावे व टाकी जवळजवळ पूर्ण भरावी, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. पेट्रोल टिकवणारे रसायन बाजारात मिळते. ते घालावयाचे असल्यास आधी घालून नंतर दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे, जेणेकरून ते नळ्यांपर्यंत पोहोचेल. मधूनच पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय अनेकांना असते. ती टाळलेली बरी. तेवढ्या वेळात इंजिन पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून निर्माण झालेले पाणी ऑइलमध्ये व धुराच्या नळीत साचून राहते.

आपल्याकडे लडाखसारखे भाग सोडल्यास हिमवर्षावामुळे मोटार बंद ठेवण्याची वेळ येत नाही. परंतु मुलांकडे परदेशी सहा महिने जाणारे ज्येष्ठ ग्राहक आणि दूरच्या शाखेत बदली झालेले सहकारी यांच्या गाड्याही उभ्याच असतात. येथे थंडीऐवजी उष्मा आणि पावसाळी दमटपणा आहे व उष्म्याने पेट्रोल लवकर खराब होते. शिवाय आता आपल्या पंपांवरील साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल अधिक असल्यास ते पाणीही अधिक सामावून घेते, त्यामुळे थर लगेच विभक्त होत नाहीत, हे खरे. तथापि एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असल्यास तिचे सुटे भाग अशा पेट्रोलसाठी योग्य आहेत किंवा नाहीत, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत अवश्य पाहावे. पंपावर महाग पेट्रोल घेतानाही ऑक्टेनऐवजी इथेनॉलचे प्रमाण विचारावे.

हे सारे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडील मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज, घसारा आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. पेट्रोलच्या डिंकाने बुजलेले इंजेक्टर किंवा गंजलेली टाकी हा अपघात नव्हे. त्याचा खर्च मालकालाच सोसावा लागतो.

दीर्घ काळाने गाडी सुरू करण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून वास घ्यावा. नेहमीच्या पेट्रोलचा असल्यास थोडे ताजे पेट्रोल घालून गाडी चालवण्यास हरकत नाही. आंबट किंवा वॉर्निशसारखा उग्र वास आल्यास किल्ली फिरवू नये. टाकी रिकामी करून घ्यावी, आणि तेही घरी नळी लावून नव्हे, तर जाणकार मेकॅनिककडून.