पिट्सबर्गचे अवयवारोपण केंद्र

एका मनुष्याचा अवयव काढून दुसऱ्याच्या देहात बसविणे हे केवळ कुशल हातांचे काम होय, असा आमचाही पुष्कळ दिवस समज होता. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत असे केंद्र कसे उभे राहिले, ती हकीकत वाचल्यावर तो आम्हांस सोडून द्यावा लागला.

या केंद्राचे प्रवर्तक डॉ. टॉमस स्टार्झल हे प्रथम कोलोराडो विद्यापीठात होते. तेथे १ मार्च १९६३ रोजी त्यांनी मनुष्याच्या देहात यकृत बसविण्याचा जगातील पहिला प्रयत्न केला. रोगी अवघ्या तीन वर्षांचे बालक होते. कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यांना साधली होती; परंतु येथे रक्तस्राव सुरू झाला तो काही केल्या थांबेना, आणि ते मूल शस्त्रक्रियेच्या मेजावरच गतप्राण झाले. त्या वर्षीचे पुढील रोगीही काही दिवसांतच दगावले. तेव्हा स्टार्झल यांनी तीन वर्षांहून अधिक काळ हे काम बंद ठेवले. १९६७ साली ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा कोठे एक लहान मुलगी वर्षाहून अधिक जगली.

खरी अडचण निराळीच होती. आंब्याचे कलम रायवळ रोपावर निमूटपणे जीव धरते. मनुष्यदेह इतका उदार नाही. जी शक्ती रोगजंतूंना ओळखून मारते, तीच आलेल्या परक्या अवयवावरही तुटून पडते. तिला फार दाबावे तर साधा ज्वरही प्राणघातक ठरतो. थोडे दाबावे तर अवयव जातो. बोस्टन येथे १९५४ साली मूत्रपिंडाचे आरोपण यशस्वी झाले, ते देणारा व घेणारा हे एकरूप जुळे भाऊ होते म्हणूनच. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले, केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९७८ साली ते रोग्यांना देऊन पाहिले, आणि दोन वर्षांनी स्टार्झल यांनी त्यास प्रेडनिसोनची जोड दिली. तेव्हापासून पारडे फिरले.

१९८१ च्या आरंभी स्टार्झल पिट्सबर्गला आले. तेथील यकृतारोपणाचे पहिले चारही रोगी वाचले नाहीत. नव्या केंद्रावर केवढी अवकळा पसरली असेल! तरीही काम थांबले नाही, आणि पुढील रोग्यांपैकी बहुतेक दीर्घकाळ जगले.

असे केंद्र वैद्यकीय विद्यालयातच का निघावे, हे येथे ध्यानात येते. एका यकृतासाठी रक्तपेढीवर अपरिमित भार पडे. भूल देणारे वैद्य तासन्‌तास उभे राहत. नव्या अवयवाचा सूक्ष्म तुकडा तपासून त्यास शरीर नाकारीत आहे की काय, हे विकृतिशास्त्रज्ञ सांगत. जुने यकृत काढताना पायांकडील रक्त अडून राही. ते पंपाने हृदयाकडे वळविण्याची युक्ती तेथेच रुळली. शिवाय दाता कोठे व केव्हा मिळेल याचा नेम नसे. मध्यरात्री विमान धाडून अवयव बर्फातून आणावा लागे व काही तासांतच शिवावा लागे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बेल्झर व साउदर्ड यांच्या द्रावणामुळे १९८७ नंतर ही मुदत जवळजवळ एका दिवसापर्यंत वाढली. जून १९८३ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने यकृतारोपण हा प्रयोग नसून उपचार होय, असा निर्वाळा दिला. पिट्सबर्गला शिकलेल्या शल्यवैद्यांनी पुढे अनेक ठिकाणी अशी केंद्रे काढली.

आपल्याकडेही हातांची वाण नव्हती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच हृदयारोपण केले होते. रोगी मात्र काही तासांतच गेला. त्या वेळी सायक्लोस्पोरिन नव्हते, आणि मेंदू मृत झालेल्या मनुष्याचा अवयव घेण्यास मान्यता देणारा कायदाही नव्हता. तो कायदा भारतात १९९४ साली झाला, आणि तो प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही होती.