'रहस्य' आणि 'संस्कार' : कॅथलिक संस्कारांच्या बायबलमधील मुळांविषयी

कॅथलिक धर्मसंघ सात संस्कार मानतो : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. ही यादी बायबलमध्ये एकत्र अशी कोठेही नाही. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डच्या ग्रंथामुळे ती रूढ झाली आणि १५४७ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने तिच्यावर अधिकृत शिक्कामोर्तब केले. मग या संस्कारांना बायबलचा आधार तो कोणता? वणीजवळच्या राजूरसारख्या गावातील एखाद्या जिज्ञासूने प्रचलित मराठी बायबल उघडले, तर या साताही विधींना कवेत घेणारी 'संस्कार' ही संज्ञा त्याला सापडावयाची नाही. त्याने त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा ठरेल. परंतु ती चूक त्याची नव्हे, भाषांतराच्या इतिहासाची आहे.

मूळ ग्रीक शब्द 'मिस्टेरिऑन', म्हणजे रहस्य, ईश्वराचा गुप्त संकल्प. लॅटिन भाषांतरकारांनी त्यासाठी अनेक ठिकाणी 'साक्रामेंतुम' हा शब्द योजिला. रोमन सैनिकाच्या शपथेलाही हाच शब्द होता. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (५:३२) पौल पतिपत्नीच्या ऐक्याला महान 'मिस्टेरिऑन' म्हणतो. लॅटिन वाचकाला तेथे 'साक्रामेंतुम' दिसले, आणि विवाह हा संस्कार असल्याचा साक्षात पुरावाच त्याला मिळाल्यासारखे वाटले. १५२० साली ल्यूथरने नेमके यावरच बोट ठेवले : मुळात शब्द रहस्याचा आहे, संस्काराचा नव्हे. आक्षेप बिनतोड होता. (प्रकटीकरणाच्या १७ व्या अध्यायातील स्त्री व श्वापद यांच्या रहस्यालाही लॅटिनमध्ये 'साक्रामेंतुम'च म्हटले आहे, त्याला संस्कार कोणी मानले नाही!) मराठी बायबल येथे 'रहस्य' म्हणते, म्हणजे ग्रीकाच्या बाजूने उभे राहते.

याचा अर्थ कॅथलिक भूमिका एका चुकीच्या शब्दावर उभी होती असा नव्हे. ट्रेंटच्या परिषदेची भाषा या बाबतीत फार सावध आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे वाटते. १५६३ च्या विवाहविषयक निर्णयात पौल ही गोष्ट 'सूचित करतो' एवढेच म्हटले आहे. रुग्णाभ्यंगाविषयी १५५१ मध्ये परिषद सांगते की, मार्कने (६:१३) त्याची सूचना केली आणि याकोबाने (५:१४-१५) त्याची घोषणा केली. म्हणजे सर्व आधार सारख्या बळाचे नाहीत, हे परिषदेलाही मान्य होते. स्नान व भोजन या दोन विधींचा उगम मात्र स्पष्ट आज्ञेत आहे : मत्तय २८:१९ आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. त्यांतही भोजनाची मुळे अधिक खोल जातात. निर्गमाच्या बाराव्या अध्यायातील वल्हांडणाचा कोकरा आणि चोविसाव्या अध्यायात मोशेने लोकांवर शिंपडलेले कराराचे रक्त ध्यानी घेतल्यावाचून 'कराराचे रक्त' हे येशूचे शब्द नीट समजणार नाहीत. दृढीकरणासाठी प्रेषितांच्या कृत्यांतील (८:१४-१७) हस्तारोपणाचा आणि गुरुदीक्षेसाठी तिमथ्याला लिहिलेल्या पत्रांतील हस्तारोपणाचा दाखला दिला जातो.

प्रायश्चित्ताच्या बाबतीत शब्दाचा घोळ पुन्हा उद्भवतो. ग्रीक 'मेटानोइआ' म्हणजे मनाचे परिवर्तन. लॅटिनने त्याचे रूपांतर 'पश्चात्तापाचे आचरण करा' अशा अर्थाने केले, आणि त्यातून विधीचा ध्वनी निघू लागला. मराठी बायबलातील 'पश्चात्ताप' मनाच्या बाजूला राहतो, तर कॅथलिक 'प्रायश्चित्त' धर्मशास्त्रातील प्रायश्चित्तकांडाची आठवण करून देते. कॅथलिक धर्मगुरूच्या क्षमाधिकाराचा खरा आधार मात्र या शब्दात नसून योहान २०:२२-२३ मध्ये आहे, हे वादाच्या भरात विसरले जाते.

'संस्कार' या संज्ञेचीही थोडी चिकित्सा हवी. सोळा संस्कारांच्या परंपरेत हा शब्द शुद्धी व गुणाधान सुचवितो. कॅथलिक विचारात संस्कार हे ईश्वरी कृपेचे दृश्य चिन्ह व तिचे साधन आहे. विवाह दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही कल्पना एकच मानणे योग्य नव्हे. गोव्याच्या कोकणीने 'साक्रामेंत' हा पोर्तुगीज शब्दच ठेवून हा धोका टाळला, पण शब्द परकाच राहिला. ज्या भूमीत १६१६ साली फादर स्टीफन्सने ओवीबद्ध मराठीत 'क्रिस्तपुराण' रचून छापविले, तेथेच हे घडावे, याचे नवल वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत लोकभाषांना वाव दिला, तेव्हापासून या संज्ञा विधीच्या प्रत्यक्ष मंत्रांतही उच्चारल्या जाऊ लागल्या. त्याच घटनेने 'अंतिम अभ्यंग' हे नाव मागे सारून 'रुग्णांचा अभ्यंग' हे अधिक उचित ठरविले. याकोबाच्या पत्रात मरणोन्मुखाचा उल्लेखच नाही. तेथे आहे तो केवळ आजारी माणूस, आणि त्याच्या अंगाला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करणारे मंडळीचे वडील.