जर्सी बदलून थोरवी सिद्ध होते का?

मेस्सी मोठा की रोनाल्डो, हा वाद कोल्हापूरच्या पेठांत, मुंबईच्या कॉलेजांत आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमबाहेर गेली पंधरा-सोळा वर्षे चालू आहे. गोल मोजून झाले, चषक मोजून झाले, बॅलन डी'ऑरही मोजून झाले. मेस्सीचे आठ, रोनाल्डोचे पाच. तरीही निकाल लागत नाही, म्हटल्यावर रोनाल्डोचे चाहते एक वेगळा मुद्दा पुढे करतात. रोनाल्डोने इंग्लंड, स्पेन आणि इटली अशा तीन देशांत जाऊन लीग जिंकली आणि तिन्ही ठिकाणी एकेका हंगामात तरी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. मेस्सी मात्र तेराव्या वर्षी बार्सिलोनात आला तो चौतिसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिला. एकाने दर वेळी नवी परीक्षा दिली, दुसरा ओळखीच्या अंगणात खेळला. मग मोठा कोण? हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. क्लब बदलल्यावर खेळाडूविषयी काहीतरी नक्की कळते. पण जे कळते ते त्याची थोरवी नव्हे, असे माझे मत आहे.

परीक्षा म्हणायची तर ती सगळ्यांना सारखी हवी. इथे मात्र परीक्षा कुठे द्यायची, हे बहुतेक वेळा परीक्षार्थीच ठरवतो. रोनाल्डो २०१८ मध्ये युव्हेंटसला गेला तेव्हा त्या क्लबने इटलीची लीग सलग सात वर्षे जिंकलेली होती. त्याच्या येण्यानंतर आणखी दोन विजेतेपदे मिळाली, ती त्याच्याशिवायही मिळाली असती, असे मानायला जागा आहे. युव्हेंटसने त्याच्यासाठी १० कोटी युरो मोजले ते इटलीची लीग जिंकण्यासाठी नव्हे, तर चॅम्पियन्स लीगसाठी. २०१५ आणि २०१७ मध्ये हा क्लब त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचून हरला होता. कमी होती ती शेवटच्या पायरीची. रोनाल्डो आल्यावर २०१९ मध्ये हा क्लब उपांत्यपूर्व फेरीत आयाक्सकडून, २०२० मध्ये त्याच्याही आधीच्या फेरीत लिओंकडून आणि २०२१ मध्ये पुन्हा तिथेच पोर्टोकडून बाहेर पडला. त्याच तीन वर्षांत रोनाल्डोने स्वतः १३४ सामन्यांत १०१ गोल केले. खेळाडू जवळजवळ तसाच चालला आणि संघ मात्र मागे गेला. याचा दोष रोनाल्डोवर ठेवणे अन्यायाचे होईल, कारण तोवर युव्हेंटसची मधली फळी उतरणीला लागली होती. पण मग त्या दोन लीगचे श्रेय त्याच्या नावावर 'इटलीही जिंकली' म्हणून लिहिणे तितकेच चुकीचे आहे. एकच फूटपट्टी दोन्हीकडे लावायला हवी.

या उदाहरणातून खरोखर शिकण्यासारखे काही असेल तर ते रोनाल्डोच्या कौशल्याच्या जातीविषयी आहे. बचावपटूच्या नजरेआड सरकून पेनल्टी क्षेत्रात नेमक्या क्षणी पोचणे, दोन्ही पायांनी सारख्याच जोराने फटका मारणे, इतरांपेक्षा हातभर वर उडी घेऊन हेडर करणे, दडपणाखाली पेनल्टी घेणे. ही विलक्षण कौशल्ये आहेत आणि ती प्रवासाला सोपी आहेत. बाजूने क्रॉस देणारा खेळाडू प्रत्येक देशात असतो. मेस्सीचे काम गोलपासून तीस-चाळीस मीटरवर सुरू होते. तो चेंडू घेतो, वळतो, दोघांना स्वतःकडे ओढतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत पास सोडतो. त्या जागेत त्या क्षणी कोणीतरी धावत असावे लागते. झावी, इनिएस्ता, बुस्केट्स, आल्वेस, जॉर्डी आल्बा यांच्याबरोबर ही समज वर्षानुवर्षे मुरलेली होती. २०२३ मध्ये तो इंटर मायामीत गेला तेव्हा क्लबने त्याच्यासोबत बुस्केट्स आणि आल्बा यांनाही घेतले, पुढे सुआरेझलाही. लीगमध्ये तळाशी असलेला तो संघ काही आठवड्यांत लीग्ज कप जिंकला. अमेरिकेतल्या स्पर्धेचा दर्जा पाहता मी या यशाला फार वजन देत नाही. पण क्लबला काय कळले होते, हे त्यातून दिसते. त्यांनी एक खेळाडू घेतला नाही, खेळण्याची एक रीतच घेतली.

इथे लगेच आक्षेप येईल की, म्हणजे मेस्सीला कुबड्या लागतात आणि पॅरिसमध्ये तेच उघडे पडले. पॅरिस सेंट-जर्मेनमधल्या पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे अवघे सहा गोल झाले आणि त्याच्या दोन्ही वर्षी क्लब चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांतच बाद झाला. हे खरे आहे आणि झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या हंगामात त्याने लीगमध्ये १६ गोल केले आणि १६ गोलांसाठी पास दिले, हेही त्याच्या शेजारी ठेवायला हवे. पण खरे उत्तर अर्जेंटिनाकडे आहे. राष्ट्रीय संघात सहकारी निवडता येत नाहीत, विकत तर घेताच येत नाहीत. २०१४, २०१५ आणि २०१६ अशा लागोपाठ तीन वर्षी मेस्सी अर्जेंटिनाकडून अंतिम सामना हरला आणि तेव्हाही लोक हेच म्हणत होते की, हा बार्सिलोनाबाहेर चालत नाही. मग प्रशिक्षक स्कालोनीने आधी दे पॉल, पुढे एन्झो फर्नांडेझ, मॅक अॅलिस्टर, हुलियन अल्वारेझ अशी धावणारी, मेस्सीच्या वाटणीची झटापटही अंगावर घेणारी पोरे भोवती उभी केली. यातला एकही बार्सिलोनात घडलेला नव्हता. २०२१ मध्ये मारकानावर ब्राझीलला हरवून कोपा अमेरिका आणि २०२२ मध्ये कतारला विश्वचषक आला, मेस्सीचे त्या विश्वचषकात सात गोल. पॅरिसमध्ये तो 'संपला' असे म्हटले जात होते, त्याच काळातला हा विश्वचषक आहे. पॅरिस आणि अर्जेंटिना यांत खेळाडू तोच होता, फरक रचनेचा होता.

या वादात 'एक क्लब' हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. नाव आणि जर्सी तीच राहिली म्हणून संघ तोच राहतो असे नाही. मेस्सी प्रशिक्षक रिकार्डच्या संघात उजव्या बगलेवर खेळला. गार्दिओलाने मे २००९ मध्ये बर्नाबेऊवर त्याला मधोमध, पण मागे सरकणारा आघाडीवीर म्हणून उभे केले आणि रेआल माद्रिदचा ६-२ असा धुव्वा उडाला. मधल्या बचावपटूंना कळेचना की त्याच्यामागे जायचे की जागा राखायची. लुईस एन्रिकेच्या काळात सुआरेझला मध्ये जागा देऊन तो पुन्हा उजवीकडे गेला आणि आघाडीच्या तिघांनी २०१४-१५ च्या हंगामात मिळून १२२ गोल केले. शेवटच्या वर्षांत तो गोल करणारा आणि खेळ रचणारा असा दोन्ही होता. २००६ चा बार्सिलोना आणि २०१५ चा बार्सिलोना हे दोन वेगळे संघ होते, आणि तो दोन्हीकडून चॅम्पियन्स लीग विजेता ठरला. रोनाल्डोचीही सर्वांत मोठी स्थित्यंतरे क्लब न बदलता झाली आहेत. माद्रिदमध्ये डाव्या बगलेवरून सुसाट धावणारा खेळाडू झिदानच्या हाताखाली पेनल्टी क्षेत्रातला शिकारी झाला. शरीर बदलले तसा त्याने खेळ बदलला, आणि हे मला तीन देशांतल्या लीगपेक्षा कितीतरी मोठे वाटते. उलट २०२१ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये परतला, ज्या क्लबबरोबर तो तीनदा लीग विजेता झाला होता. जर्सी तीच होती, त्याने लीगमध्ये १८ गोलही केले, पण संघ सहावा आला.

मागे वळून पाहिले तर क्लब बदलणे आणि मोठेपण यांची जोडी आणखी सुटत जाते. झ्लातान इब्राहिमोविच हॉलंड, इटली, स्पेन आणि फ्रान्समध्ये लीग जिंकला. २००९ मध्ये त्याने इंटर सोडून बार्सिलोना गाठले, चॅम्पियन्स लीगसाठीच. व्यवहारात त्याच्या बदल्यात सॅम्युअल एटो इंटरला गेला. पुढच्याच हंगामात इंटरने उपांत्य फेरीत बार्सिलोनालाच हरवले आणि तो चषक जिंकला. इब्राहिमोविचला तो कधीच मिळाला नाही. क्लॅरेन्स सीडॉर्फ आयाक्स, रेआल माद्रिद आणि मिलान अशा तीन क्लबांकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला एकमेव खेळाडू आहे. क्लब बदलून जिंकणे हीच कसोटी असेल तर सगळ्यांच्या वर सीडॉर्फचे नाव यायला हवे. तो फार चांगला खेळाडू होता, पण त्याला पाओलो माल्दिनीच्या वर बसवायला त्याचे मित्रही धजणार नाहीत, आणि माल्दिनी तर जन्मभर मिलानचाच राहिला.

सगळ्यांत भक्कम आक्षेप मॅराडोनाचा. नापोली १९८४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचली होती आणि तिने लीग कधीच जिंकली नव्हती. मॅराडोना आला आणि १९८७ व १९९० मध्ये लीग, १९८९ मध्ये यूएफा कप. त्यानंतरची लीग थेट २०२३ मध्ये. क्लब बदलून सिद्ध झालेली थोरवी कुठे असेल तर ती इथे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण इथे बळ आहे ते बदलण्यात नसून कुठे गेला त्यात आहे. श्रीमंत उत्तरेच्या क्लबांपुढे कायम दबलेल्या शहराच्या संघात तो गेला. आणि हाच मॅराडोना त्याआधी दोन वर्षे बार्सिलोनात होता. तिथे कावीळ झाली, गोइकोएचेआच्या टॅकलने घोटा मोडला, लीग एकदाही मिळाली नाही. क्लब बदलणे ही निर्णायक परीक्षा असेल, तर मॅराडोना युरोपातल्या पहिल्याच पेपरात नापास झाला असे म्हणावे लागेल, आणि तसे कोणी म्हणत नाही.

शिवाय बदलण्याची मुभा प्रत्येक पिढीला सारखी नव्हती. इटलीत १९६६ पासून १९८० पर्यंत परदेशी खेळाडू घेण्यास क्लबांना बंदी होती. करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागू शकत असे. डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालाने युरोपात ते थांबले. पेले १९५६ पासून १९७४ पर्यंत सांतोसकडेच राहिला. युरोपात कधी खेळला नाही हा त्याच्यावरचा ठपका असेल, तर १९६२ मध्ये लिस्बनला जाऊन बेनफिकाविरुद्ध त्याने केलेल्या तीन गोलांचे काय करायचे? पुष्काश माद्रिदला गेला तो १९५६ च्या हंगेरीतल्या उठावामुळे मायदेशी न परतल्याने, कसोटी द्यायची म्हणून नव्हे.

निष्ठेचा उलटा युक्तिवादही मला पटत नाही. मेस्सी राहिला म्हणून मोठा, असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की ऑगस्ट २०२० मध्ये त्याने स्वतःच क्लब सोडण्याची लेखी मागणी केली होती, आणि वर्षभराने गेला तो बार्सिलोनाची तिजोरी स्पॅनिश लीगच्या नियमांत बसेना म्हणून. राहणे आणि जाणे या दोन्हींत पैसा, वय, करार आणि मालकांची मर्जी यांचा वाटा असतो.

राहतो तो धाडसाचा मुद्दा. सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर तेहतिसाव्या वर्षी माद्रिद सोडून तुरीनच्या युव्हेंटसला जायला हिंमत लागते, आणि ती रोनाल्डोच्या स्वभावाची मोठी बाजू आहे. तिचे कौतुक करावे. पण त्याची थोरवी मोजताना मी माद्रिदच्या नऊ वर्षांकडे पाहतो: ४३८ सामन्यांत ४५० गोल, चार चॅम्पियन्स लीग, आणि बाद फेरीच्या रात्री अडचणीत सापडलेल्या संघाला पुन्हा पुन्हा बाहेर काढणारे गोल. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याने बूट खुंटीला टांगले असते, तुरीन, मँचेस्टरचे पुनरागमन आणि रियाधच्या क्लबातला खेळ यांतले काहीच घडले नसते, तरी त्यातले तसूभरही कमी झाले नसते. मेस्सीला मी त्याच्याहून वर ठेवतो, कारण गोल करणारा आणि गोल घडवणारा असा दोन्ही अर्थांनी इतका पूर्ण खेळाडू दुसरा दिसत नाही. बार्सिलोनात एकवीस वर्षे काढल्याने त्यात भर पडत नाही, आणि पॅरिसच्या दोन वर्षांनी त्यातून काही वजाही होत नाही.