हवा महेश्वरात भरावी
(फुगवायची कयाक : लेखांक ४)

इंदूरच्या मल्हारगंजातल्या घरात अठरा फुटी फायबरची कयाक ठेवायची कुठे, हा प्रश्न गेल्या लेखांकातच निकाली निघाला. टोरी कॉर्नरकडून आत वळणाऱ्या गल्ल्यांत दुचाकी लावायला जागा मिळत नाही, आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींचे जिने इतके अरुंद आहेत की दिवाण चढवायचा तर तो खोलून न्यावा लागतो. म्हणून फुगवायची कयाक. हवा काढून, गुंडाळून पिशवीत घातली की पंधरा किलोच्या आसपास वजन, आणि घरातल्या माळ्यावर सहज मावते. निवडीबद्दल एवढंच पुन्हा सांगतो की पातळ व्हिनाइलची आणि आतून पॉलिएस्टर कापडाचा थर असलेल्या पीव्हीसीची कयाक दुकानात सारखीच दिसत असली तरी पाण्यावर ती दोन वेगळी साधनं आहेत. नदीवर जायचं असेल तर कापडवाली घ्या. दोघांच्या कयाकवर १८० किलो क्षमता लिहिलेली असली तर मी ती १२० समजून चालतो. दोन मोठी माणसं आणि सामान चढल्यावर ती इतकी खाली बसते की वल्हं मारताना निम्मी ताकद वाया जाते.

आता हवेकडे येऊ. अख्ख्या लेखमालेत मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट तीच आहे.

फुगवलेल्या कयाकला सांगाडा नसतो. तिचा सगळा ताठपणा आतल्या हवेच्या दाबातून येतो. दाब कमी असला की ती मधोमध वाकते, बसलेल्या जागी खोलगट होते आणि पुढचं-मागचं टोक वर उचललं जातं. मग ती सरळ जाईना की लोक वल्ह्याला, वाऱ्याला किंवा स्वतःच्या हातांना दोष देतात. दाब जास्त झाला तर शिवणीवर, म्हणजे जिथे दोन तुकडे जोडलेले असतात त्या ठिकाणी, ताण येतो. साध्या नळीदार कयाकला बहुतेक वेळा एक ते दोन पीएसआय दाब लागतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, त्यामानाने हा दाब अगदी मामुली, आणि घोळ इथेच होतो. सायकलचा पंप थोडी हवा जोराने भरतो, कयाकला हवी असते भरपूर हवा हळुवारपणे. त्यामुळे सायकलच्या पंपाने हात दुखेपर्यंत भरूनही कयाक लिबलिबीत राहते, आणि कंटाळून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेली तर काही सेकंदांत शिवण उकलते. वर ओढताना आणि खाली दाबताना, दोन्ही वेळा हवा भरणारा मोठ्या नळकांड्याचा हातपंप आणि त्याला छोटा दाबमापक, एवढं पुरतं.

काही व्हिनाइल कयाकवर दाबमापकाऐवजी छापील मोजपट्टी असते. हवा भरली की आवरण ताणतं, पट्टी लांबते, आणि सोबत दिलेल्या पट्टीशी ती जुळली की थांबायचं. ही सोय साधी असली तरी विश्वासाची आहे. ‘बोटाने दाबून बघितलं, चांगली टणक लागली’ ही पद्धत मात्र सोडाच. दीड आणि अडीच पीएसआयमधला फरक बोटाला कळत नाही, शिवणीला कळतो.

ज्यांची ऐपत आहे त्यांनी निदान बूड तरी ड्रॉपस्टिचचं घ्यावं. त्यात वरच्या आणि खालच्या थराला हजारो धाग्यांनी बांधलेलं असतं. त्यामुळे सहा ते दहा पीएसआय हवा भरली तरी बूड फुगून गोल होत नाही, फळीसारखं सपाट आणि कडक राहतं. पाण्यात घातल्याबरोबर फरक जाणवतो. पैसे जास्त लागतात, पण माझ्या मते ते वल्ह्यावर किंवा गादीदार आसनावर घालण्यापेक्षा इथे घालावेत.

इंदूरच्या माणसासाठी यापुढची गोष्ट खास आहे, आणि कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत ती सापडणार नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर, माळव्याच्या पठारावर आहे. नर्मदेकाठचं महेश्वर निमाडात, दीडशे-एकशेसाठ मीटरवर. अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाज्यापाशी उभं राहिलं की हा उतार डोळ्यांना दिसतोच, पण हवेलाही तो कळतो. पठारावरची हवा विरळ असते. तिथून चारशे मीटर खाली उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब साधारण दोन तृतीयांश पीएसआयने वाढतो. आता समजा, घरी विजेचा पंप आहे आणि नदीवर वीज नाही, म्हणून कोणी मल्हारगंजातल्या गच्चीवरच कयाक दीड पीएसआयला फुगवली, जीपच्या टपावर बांधली आणि निघाला. तापमान तेच राहिलं तर महेश्वरला पोचेपर्यंत मापकावर दीडचे साधारण पाऊण उरतात. हवा कुठेच गळलेली नसते. बाहेरून तिला दाबणारी हवा वाढलेली असते.

प्रत्यक्षात हा बदल लगेच लक्षात येत नाही, कारण वाटेतलं ऊन त्याची भरपाई करतं. आत कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो. दोन पीएसआयची कयाक २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की गणिताने तिचा दाब तीनच्या पुढे जातो, आणि मे महिन्यातल्या उन्हात आवरण साठ अंशांपर्यंत तापलं तर चारच्या जवळ. आवरण थोडं ताणत असल्यामुळे खरा आकडा किंचित कमी असेल, तरी दोनसाठी शिवलेल्या कयाकला तो परवडणारा नाही. मग हीच तापलेली, टणक कयाक नर्मदेच्या गार पाण्यात घातली की काही मिनिटांत ढिली पडते आणि पंक्चर झाल्याची शंका येते. ड्रॉपस्टिचच्या बाबतीत हे सगळं कमी जाणवतं. आठ पीएसआयवर तेच वीस अंश चढले तर दाब साडेनऊच्या आसपास जातो, म्हणजे वाढ साधारण पाचवा हिस्सा. कमी दाबाची कयाकच उन्हाला जास्त हळवी असते.

म्हणून कयाक गुंडाळलेलीच खाली न्यावी आणि हवा महेश्वरात, पाण्याशेजारी, सावलीत भरावी. प्रत्येक कप्पा आधी अर्धाच भरायचा. आसनं, बूड, तळाला लावायचा पंख (स्केग), सगळं सरळ बसलंय का ते पाहायचं, आणि मग कंपनीने दिलेल्या क्रमाने पूर्ण भरायचं. तळाचा तो छोटा पंख विसरू नका. तो नसेल तर फुगवलेली कयाक दर वल्ह्याला तोंड फिरवते. नंतर ती पाच-दहा मिनिटं काठाशी पाण्यात तरंगत ठेवायची, पाण्याइतकी गार होऊ द्यायची आणि दाब पुन्हा मोजायचा. दुसऱ्यांदा थोडी हवा घालावी लागतेच. जेवायला काठावर आलात तर कयाक उन्हात टाकून जाऊ नका. सावली नसेल तर झडपेतून थोडी हवा सोडा.

हवा भरून फुगवायची होडी ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश नौदलातला अधिकारी पीटर हॅल्केट याने १८४०च्या दशकात रबर चढवलेल्या कापडाचा असा झगा बनवला होता की भात्याने हवा भरली की त्याची होडी व्हायची, आणि छत्री उघडली की शीड. त्याच्या होड्या जॉन रे याने उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांत वापरल्या. तिकडे थंडीची भीती होती, आपल्याला निमाडच्या उन्हाची.

पाण्यात कुठे उतरायचं? सिरपूर तलाव मल्हारगंजापासून जवळ, म्हणून पहिला विचार त्याचाच येतो. यशवंत सागरही फार लांब नाही. ही दोन्ही पाणथळ ठिकाणं २०२२ साली रामसर यादीत गेली. यशवंत सागरला सारस क्रौंचाचं मोठं आश्रयस्थान मानतात, आणि गंभीर नदीवरचा तो जलाशय इंदूरच्या पिण्याच्या पाण्याचाही आहे. तिथे परवानगीशिवाय पिशवी उघडू नये, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरलेले असताना परवानगी मिळाली तरी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फुगवलेल्या कयाकला आवाज नसतो, त्यामुळे ती पक्ष्यांच्या फार जवळ जाते, आणि एकदा उडालेला थवा दिवसभर बिथरलेला राहतो.

महेश्वरला अहिल्या घाटासमोरचा संथ, रुंद पट्टा नवशिक्यांसाठी चांगला आहे. तिथून काही किलोमीटर खाली जलकोटीजवळ सहस्रधारा आहे. काळ्या बसाल्टच्या खडकांतून नर्मदा असंख्य धारांनी फुटून वाहते. २०२३च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कॅनू स्लॅलम याच ठिकाणी झाली. ते पाहून अनेकांना तिथे जावंसं वाटतं. जा, पण काठावरून बघायला. स्लॅलमच्या होड्या टणक असतात, खेळाडूंनी पाण्याखाली उलटून पुन्हा सरळ होण्याचा सराव केलेला असतो आणि बचावाची माणसं दोर घेऊन उभी असतात. घाटावरच्या पट्ट्यात वल्हवताना प्रवाह सहस्रधारेकडे ओढतो आहे, हे सतत ध्यानात ठेवा. सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच आणून सोडेल. वाऱ्याचंही तसंच. फुगवलेली कयाक पाण्यावर उंच बसते, त्यामुळे दुपारचा वारा तिला जोरात ढकलतो. सकाळी लवकर उतरून दहाच्या आत बाहेर यावं.

या सगळ्यापेक्षा मोठी सावधगिरी धरणांची. महेश्वरच्या वरच्या बाजूला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही जलविद्युत धरणं आहेत. विजेची मागणी वाढली की टर्बाइन चालू होतात आणि आभाळात ढग नसतानाही खाली नदी चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेसाठी हजारो लोक नदीपात्रात जमले होते. इंदिरा सागरमधून सोडलेलं पाणी रात्री अचानक आलं आणि साठहून अधिक माणसं वाहून गेली. ती माणसं कोरड्या खडकांवर होती, होडीत नव्हती. नर्मदेत पाऊल घालणाऱ्या प्रत्येकाला ही घटना माहीत असायला हवी. पाण्यात जाण्याआधी केवटांना, म्हणजे नावाड्यांना, विचारा, ‘भैया, ऊपर से पानी छोड़ा है क्या?’ ते रोज पाणी वाचतात. काठावरच्या पायरीवर किंवा दगडावर खडूने पाण्याची रेघ काढून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. रेघ बुडाली तर त्या दिवसापुरतं पुरे. पावसाळ्यात तर पिशवी माळ्यावरून काढूच नका. आणि नर्मदेत मगरी आहेत. स्थानिक लोक जो डोह टाळतात तो आपणही टाळावा.

लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळून. कयाकमध्ये उशीसारखं ठेवलेलं जॅकेट ऐन वेळी हाताला लागत नाही. मुलांचं जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्या. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठं घेतलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं. वल्हं २२० ते २४० सेंटिमीटरचं हवं, कारण ही कयाक रुंद असते आणि आखूड वल्ह्याने बोटं दोन्ही कडांवर घासत राहतात. पहिल्याच दिवशी कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटून पाहा आणि मागच्या बाजूने पोटावर सरकत पुन्हा चढा. दोन-तीनदा जमेपर्यंत मध्ये जाऊ नका. पद्धतशीर शिकायचं असेल तर भोपाळ गाठा. तिथे सराव करूनच ग्वाल्हेरची प्राची यादव टोकियो पॅरालिंपिकच्या पॅराकॅनू अंतिम फेरीपर्यंत आणि २०२३च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत पोचली.

परत निघताना हवा पूर्ण काढा. अर्धवट भरलेली कयाक टपावर बांधून पठार चढू लागलात तर सकाळचं गणित उलटं होतं. बाहेरचा दाब घटतो आणि आतल्या हवेचा ताण वाढतो. वाळूचे कण झडपेत शिरू देऊ नका, झडपेच्या तोंडाभोवती ओलं फडकं फिरवून मगच झाकण लावा. घरी आल्यावर गच्चीवर सावलीत पूर्ण वाळवा. शिवणींच्या घड्यांत पाणी राहिलं की आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि ते जात नाहीत. माळ्यावर ठेवताना उंदरांचा बंदोबस्त करा, त्यांना घडीच्या कडा कुरतडायला आवडतात. झाकणाची पत्र्याची पेटी असेल तर उत्तम.

आणि कुठे भोक पडलंच, तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊ नका. त्याचं सोल्युशन रबराच्या ट्यूबवर पक्कं बसतं, पीव्हीसीवर ते धरत नाही. ठिगळ दोन दिवस टिकतं आणि नेमकं पाण्यात सुटतं. पीव्हीसीचा गोंद वेगळा, तो लावायची रीत वेगळी आणि वाळायला त्याला पूर्ण दिवस द्यावा लागतो. पुढच्या लेखांकात साबणाच्या पाण्याने गळती शोधण्यापासून ठिगळ बसवण्यापर्यंत सगळं पाहू. तोवर कयाकसोबत आलेली दुरुस्तीची डबी काढून ठेवा आणि आतल्या गोंदाची नळी सुकलेली तर नाही ना, ते बघा.